मृगातली हिरवी रेघ

गेल्या जानेवारीत राजमाचीला मुक्काम होता. लोणावळ्याचा उजेड डोंगराआड गेला आणि मृग नक्षत्र असं लख्ख दिसलं की सोमवारची डेडलाइन विसरलोच. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धूसर ठिपका दिसतो ना, तो वायूचा ढग. मित्राने विचारलं, "वायूच आहे हे इतक्या लांबून कळतं कसं रे?"

उजेडाचे रंग फोडून. प्रत्येक वायूच्या रेघा ठरलेल्या. परग्रहांची हवाही अशीच तपासतात. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना थोडा उजेड त्याच्या हवेतून गाळून येतो. खंडाळ्याचं धुकं सगळेच रंग साधारण सारखे अडवतं. वायू मात्र चोखंदळ, आपापले ठरावीक रंगच खातो. कमी पडलेले रंग शोधायचे, बस्स. २००१ साली हबल दुर्बिणीला अशा एका ग्रहाच्या हवेत सोडियम सापडलं.

आता गंमत बघा. रेघा वाचायचा हा उद्योग पुण्यात १८८८ पासून चालू होता! कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आताच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नायगमवालांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली. दुर्बीण चांगली २० इंची.

मृगाच्या ढगातली ठळक हिरवी रेघ मॅग्नेशियमची, असं तेव्हा नॉर्मन लॉकियर म्हणत. लॉकियर म्हणजे 'नेचर'चे संस्थापक संपादक, हेलियमवाले. त्यांना खोडून काढायचं म्हणजे खायचं काम नव्हे. पण मॅग्नेशियमची खूण एका बाजूला पसरट दिसायला हवी, आणि नायगमवालांना रेघ कायम बारीक, धारदार दिसली. १८९१ मध्ये त्यांनी ते सरळ छापलं. मग रेघ कोणाची? 'नेब्युलियम' नावाचं नवंच मूलद्रव्य लोकांनी कल्पून ठेवलं होतं. शेवटी १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी कोडं सोडवलं: दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. साधा ऑक्सिजन हो!

भांडण अजून तेच आहे. १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहावर जेम्स वेब दुर्बिणीला २०२३ मध्ये मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दिसले. २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने डायमिथाइल सल्फाइडची खूण मांडली. पृथ्वीवर ते मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्मजीवांमुळे तयार होतं, म्हणून केवढी खळबळ! तोच डेटा तपासून इतर गट म्हणाले, खूण फार पुसट आहे. मला तरी हे दुसरे लोक पटतात.

पुण्याचं काय झालं? १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. राजमाचीवर मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "आणि आपण इथे हेडटॉर्च घेऊन बसलोय."