पाट्यांची कुरकुर

मंडळी, ॲम्बॅसडरच्या मागच्या सीटवर बसून ज्यांनी घाट ओलांडला आहे, त्यांना पाट्यांची कुरकुर आठवत असेल. माझ्या भाच्याला ती ठाऊक नाही. गाडीचे सस्पेन्शन कामाला आले हे कसे ओळखायचे, असे त्याने विचारले, तेव्हा मी नेहमीप्रमाणे इतिहासात शिरलो. शिक्षकाची खोड, दुसरे काय!

हे पाटे मोटारीचे नव्हेतच. ते घोडागाडीचे. लंडनच्या ओबडाया इलियट नावाच्या कारागिराने १८०४ साली लंबवर्तुळाकार स्प्रिंगचे पेटंट घेतले. पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक बांधायच्या आणि गाडीचा सांगाडा त्यांच्यावर तोलायचा. पुढे मोटार आली तिने हीच रचना उचलली. पाट्यांचा मोठा गुण असा की पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणात गाडीची उसळी बरीचशी जिरते. वंगण संपले, गंज धरला की कुरकुर सुरू. पाटा तुटला तर गाडी एका अंगाला कलते, वाकून पाहिले तर तडाही दिसतो. थोडक्यात, दुखणे आंधळ्याला ऐकू यावे आणि बहिऱ्याला दिसावे असे!

उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर (तिचे उत्पादन २०१४ साली थांबले) आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी, दोघींच्या मागच्या चाकांवर पाटेच होते. ट्रकखाली ते आजही दिसतात.

पण मोटारीचा वेग वाढला, तशी आरामाची मागणीही वाढली. गुंडाळीची स्प्रिंग आली. ती हलकी आणि मऊ, पण तिच्यात घासणारे काही नाही. एकदा दबली की वर-खाली नाचतच राहते. म्हणून तिच्या जोडीला शॉक ॲबसॉर्बर, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेतला 'शॉकअप', अपरिहार्य झाला. नाव मात्र फसवे आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. हा नळा फक्त तिचा नाच थांबवतो. आत तेल असते, दट्ट्या हलला की ते बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि उसळीचा जोर उष्णतेत जातो. १९५० च्या सुमारास अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची स्प्रिंग व शॉकअप एकत्र बसवण्याची रचना फोर्डच्या गाड्यांतून आली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुतीने ती पुढच्या चाकांना आणून घरोघरी पोहोचवली.

आणि इथेच कुरकुर थांबली. शॉकअपचे सील झिजते, तेल पाझरते, पण आवाज नाही. बिघाड महिनोन्‌महिने हळूहळू होतो आणि रोज चालवणाऱ्याला तीच चाल सवयीची होते. पाहुणा म्हणून बसलेल्या माणसाला ते आधी कळते! यात प्रश्न केवळ पाठीचा नाही. खड्ड्यानंतर चाक उसळत राहिले तर त्याची रस्त्यावरची पकड सुटते, आणि ब्रेक दाबूनही गाडी उशिरा थांबते. पावसाळ्यात तर विचारायलाच नको.

तेव्हा आता आपणच शोधायचे. सपाट जागी गाडी उभी करून एकेक कोपरा जोराने दाबून सोडावा. ती वर येऊन स्थिरावली तर ठीक, दोन-तीनदा डोलली तर शॉकअप गेला. (या परीक्षेत पूर्ण गेलेला सापडतो, अर्धवट गेलेला निसटतो.) नळ्यावर तेलाचा ओलावा दिसतो का पाहावे. टायरवरून तळवा फिरवावा. लाटांसारखे चढउतार लागले तर चाक रस्त्यावर नाचते आहे. ब्रेक मारताच नाक खाली घालणारी गाडीही संशयास्पदच.

गतिरोधकावर 'खट्‌' आवाज येत असेल तर मात्र शॉकअपच्या आधी रबरी बुश आणि बॉल जॉइंट तपासून घ्यावेत. बुश त्या मानाने स्वस्त असतात. बॉल जॉइंट सैल झाला असेल तर गाडी पुढे नेऊच नये, कारण तो निसटला की चाक आडवे पडते. आणि शॉकअप बदलायचे झालेच, तर एका आसावरचे दोन्ही एकदम बदलावेत, एकच नाही.