देह तोच, इंजिन वेगळे

मोटारींचा इतिहास आपल्याकडे बहुधा बाह्यरूपाचाच लिहिला जातो. अमुक नमुना कोणत्या साली आला, पुढची जाळी केव्हा बदलली, दिवे कधी गोलाचे चौकोनी झाले, एवढ्यावर तो थांबतो. आम्हां इंदूरकरांचा तर गाडीचा विषय निघाला की यशवंतराव होळकरांच्या ड्यूसेनबर्गपाशी मुक्काम ठरलेला. ती गाडी जगात एकमेव, तिची ख्याती सातासमुद्रापलीकडची. तिच्याविषयी आम्हांस आदर आहेच. परंतु ज्या गाडीतून तीन पिढ्यांच्या वराती निघाल्या, कलेक्टर दौऱ्यावर गेले आणि रात्री-अपरात्री रुग्ण इस्पितळात पोचले, त्या अँबॅसडरच्या पोटात काय काय घडले, हे मात्र कोणी नोंदवून ठेवले नाही. ते नोंदवण्याजोगे आहे, असे आमचे मत आहे.

हिंदुस्तान मोटर्स ही कंपनी १९४२ साली स्थापन झाली. तिचा आरंभ सौराष्ट्राच्या टोकाला ओखा बंदरावर झाला. १९४८ मध्ये ती बंगालमध्ये उत्तरपाड्याला गेली. इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेचा साचा घेऊन १९५७-५८ च्या सुमारास तिने अँबॅसडर रस्त्यावर आणली. पहिल्या गाड्यांत आधीच्या लँडमास्टरचेच १४७६ सीसीचे, बाजूला वाल्व्ह असलेले जुन्या घडणीचे इंजिन होते. १९५९ मध्ये त्याच्या जागी माथ्यावर वाल्व्ह असलेले १४८९ सीसीचे, ५५ अश्वशक्तीचे ‘बी-सीरिज’ इंजिन बसवण्यात आले. म्हणजे गाडी जेमतेम बाळसे धरते आहे तोच कारखान्याने स्वतः तिचे इंजिन बदलले. पुढे जे गॅरेजांत घडले त्याचा पायंडा असा कारखान्यातच पडला होता.

हे १४८९ सीसीचे इंजिन पुन्हा पुन्हा उभे राहणारे होते. ओतीव लोखंडाचा जाड ब्लॉक, तीन मुख्य बेअरिंगांवर फिरणारा क्रँक, आणि साधी, हात सहज पोचेल अशी मांडणी. मिस्त्री लोक ‘इंजिन दुरुस्त केले’ असे म्हणत नसत. ‘इंजिन बांधले’ असे म्हणत. घर बांधावे, पूल बांधावा, तसे. हा शब्द आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. गाडी निळसर धूर सोडू लागली, ऑइल खाऊ लागली की आधी ‘हाफ इंजिन’ होई: हेड उतरवून वाल्व्ह पेस्ट लावून हाताने घासून बसवायचे, रिंगा बदलायच्या, नवे गॅसकेट घालायचे. एवढ्याने भागले नाही, तर ‘फुल इंजिन’. मग चेन-कप्पीने अख्खे इंजिन बाहेर निघे. झिजून लंबगोल झालेले सिलिंडर बोअरिंगच्या यंत्रावर पुन्हा गोल करून घेत आणि त्या वाढीव मापाचे पिस्टन घालत. क्रँक घासून बारीक झाला की बेअरिंगे त्या प्रमाणात जाड लागत. ही मापे इंचाच्या हजाराव्या भागात मोजली जात, आणि अनेक मिस्त्री ती मायक्रोमीटर हाती घेण्याआधी बोटाने सांगत. बोअर वाढवायला जागाच उरली नाही, तर ब्लॉकमध्ये स्लीव्ह ठोकून तो मूळ मापावर आणीत, आणि तोच प्रवास पुन्हा सुरू होई.

येथवरची कथा पुनर्बांधणीची झाली. इंजिन बदलण्याची कथा निराळी आहे, आणि तिचे मूळ हौसेत नव्हे, पेट्रोलच्या भावात आहे. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांतच खनिज तेल पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेले. आपल्याकडे डिझेल हे मालवाहतुकीचे आणि शेतीचे इंधन म्हणून सरकारने पुष्कळ स्वस्त ठेवले होते. ज्याची गाडी भाड्यावर चालते त्याने यातून काय बोध घ्यावा, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. मोठ्या अमेरिकन गाड्यांत पर्किन्सची डिझेल इंजिने बसवण्याची विद्या आपल्या मिस्त्र्यांना अवगत होतीच. १९८० च्या सुमारास कारखान्यानेच डिझेल अँबॅसडर काढली. तिचे इंजिन त्याच ‘बी-सीरिज’ कुळातले, १४८९ सीसीचेच. शक्ती मात्र ३७ अश्वशक्ती. घाटात ती गाडी दमे, थंडीत सकाळी सुरू होताना साऱ्या आळीला जागे करी, तरीही टॅक्सीवाल्यांनी तिला डोक्यावर घेतले. जुन्या पेट्रोल गाड्यांतही डिझेल इंजिने उतरू लागली. वजनाने पुढची बाजू खाली बसे, ती उचलून घ्यावी लागे; रेडिएटर, इंधनाच्या नळ्या, सायलेन्सर, सारेच नव्याने जुळवावे लागे.

पुढच्या टप्प्याशी आमच्या परिसराचा थेट संबंध आहे, आणि त्याची जाणीव येथील तरुणांना क्वचितच असते. इंदूरहून फार दूर नसलेल्या, धार जिल्ह्यातल्या पीथमपूर येथे हिंदुस्तान मोटर्सचा इंजिने आणि गिअरबॉक्स बनवण्याचा कारखाना होता. इसुझु या जपानी कंपनीच्या घडणीची इंजिने तेथे तयार होत. ती आधी कंपनीच्या काँटेसा गाडीत बसली, आणि १९९२ पासून १८१७ सीसीचे, ७५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पाच गिअरांसह अँबॅसडरमध्ये आले. इंग्लंडचा साचा, जपानचे इंजिन, माळव्यात घडवलेले आणि बंगालात जोडलेले! भंगारात निघालेल्या काँटेसांची इंजिनेही जुन्या अँबॅसडरांत जाऊन बसली. गीतेतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त येथे नेमका उलटा होतो: येथे प्राण बदलत राहिले, आणि वस्त्र तेच राहिले.

उत्तरपाड्याचे काम मे २०१४ मध्ये बंद पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात डिझेलच्या दरावरील सरकारी नियंत्रणही उठले. ज्या हिशेबावर ही सारी उलथापालथ उभी होती, तो हिशेब आणि ती गाडी अशी एकाच वर्षी मागे पडली.

आता प्रश्न उरतो तो या गाड्यांच्या मानाचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे की इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची संमती हवी आणि बदलाची नोंद नोंदणीपुस्तकात व्हावी. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली गाडी या वर्गात येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, आणि सांगाडा, बाह्यकाया किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा.

अट वाजवी दिसते. संग्राहकांच्या जगात मूळ इंजिन-क्रमांकाला मोल आहे, आणि बनावट जुनेपण विकणारेही कमी नाहीत. तथापि तिचा अर्थ असा होतो की १९६५ साली घेतलेली आणि पुढे फाटकाआड झाकून ठेवलेली अँबॅसडर हा वारसा ठरेल. आणि तिचीच जुळी बहीण, जिने चाळीस वर्षे इंदूर-धुळे रस्त्यावर माणसे वाहिली, दोनदा इंजिन बांधून घेतले आणि तिसऱ्यांदा डिझेल पत्करले, ती नुसतीच जुनी गाडी ठरेल. आमच्या मते या देशातील मोटारीचा इतिहास दुसरीच्या बॉनेटखाली अधिक सापडतो. निदान तिच्या नोंदणीपुस्तकातील खोडलेले आणि पुन्हा लिहिलेले इंजिन-क्रमांक भंगारवाल्याकडे जाण्यापूर्वी कोणी उतरवून घेतले, आणि ज्यांनी ती इंजिने बांधली त्या हयात मिस्त्र्यांकडून हकिकती लिहून घेतल्या, तर ते काम आमच्यासारख्या मंडळांच्या आवाक्यातले आहे. अशी नोंदणीपुस्तके आणि हकिकती कोणा सभासदाकडे असल्यास त्यांच्या प्रती मंडळाच्या ग्रंथालयात अवश्य ठेवाव्यात.