बांबू, आबनूस, काच आणि पोलाद : सरकत्या स्वरांच्या वाद्यांतील बट्ट्याच्या द्रव्यनिवडीचा इतिहास

प्रस्तावना

भारतीय वाद्यांच्या इतिहासलेखनात भोपळा, दांडी, तारा, पडदे आणि वादकांची घराणी यांची चर्चा विस्ताराने आढळते. वादकाच्या डाव्या हातातील वस्तूकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. काही वाद्यांत तार बोटाने पडद्यावर दाबली जात नाही, तर तिच्यावरून एखादी कठीण वस्तू सरकवून स्वर काढला जातो. अशा वाद्यांत ही वस्तू म्हणजे वाद्याचे निम्मे अंगच होय. विचित्र वीणेचे वादक तिला बट्टा म्हणतात, तर हवाईयन गिटारचे वादक बार म्हणतात. प्रस्तुत लेखात या सर्वांसाठी ‘बट्टा’ हा एकच शब्द योजला आहे.

बट्टा कोणत्या द्रव्याचा असावा, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो संगीतदृष्टीचा प्रश्न आहे. या निवडीमागील कारणांचा ऐतिहासिक क्रमाने शोध घेणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

देवगिरीची नोंद

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील पारगावसारख्या गावांचे संगीत प्रामुख्याने भजन-कीर्तन व तमाशा यांच्याभोवती वाढले. वारकरी कीर्तनातील वीणा स्वराधारासाठी छेडली जाते. तमाशातील तुणतुणेही सुराचा व लयीचा आधार देते. या दोन्ही तंतुवाद्यांत तारेवर काही सरकवून सुरावट वाजविण्याची पद्धत नाही. तथापि, ज्या यादवांच्या सत्तेखाली हा प्रदेश होता, त्यांच्याच देवगिरी येथील दरबारात अशा वादनाची महत्त्वाची नोंद झाली, ही बाब लक्षणीय आहे.

यादव राजा सिंघण (कारकीर्द इ. स. १२१० ते १२४७) याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. तो स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा अधिकारी होता. ग्रंथाच्या वाद्याध्यायात त्याने एकतंत्री वीणेचे वर्णन केले आहे. या वीणेला पडदे नाहीत. डाव्या हातातील ‘कम्रिका’ नावाची बांबूची कांब तारेवर फिरवून तिच्यातून स्वर काढले जात. म्हणजेच बट्ट्याला स्वतंत्र नाव आणि निश्चित द्रव्य देण्याइतके महत्त्व तेराव्या शतकात महाराष्ट्राच्या भूमीवर दिले गेले होते.

तंजावर व पतियाळा

पडदे नसलेल्या वीणेची ही कल्पना पुढे दक्षिणेत गोट्टुवाद्याच्या रूपाने प्रतिष्ठा पावली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या वाद्याला मैफलीत स्थान मिळवून देण्याचे श्रेय तंजावर भागातील तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव यांना दिले जाते. तंजावरला मराठ्यांचे राज्य १६७६ पासून १८५५ पर्यंत होते व तेथे मराठी कुटुंबे स्थायिक झाली होती. सखाराम रावांचे नावही त्याच सांस्कृतिक मिश्रणाची साक्ष देते.

गोट्टुवाद्यासाठी आबनुसाच्या लाकडाचा बट्टा परंपरेने वापरला गेला. उत्तरेत मात्र निवड निराळी झाली. पतियाळा दरबारचे अब्दुल अझीझ खाँ यांनी लोकप्रिय केलेल्या विचित्र वीणेवर अंडाकृती काचेचा बट्टा रूढ झाला. काच तारेवरून सुलभपणे सरकावी म्हणून तारांना किंचित खोबरेल तेल लावण्याची पद्धतही आली. एकाच तत्त्वावरील दोन वाद्यांनी दोन भिन्न द्रव्ये स्वीकारली. हा केवळ योगायोग नव्हता, असे द्रव्यांच्या गुणधर्मांवरून म्हणता येते.

हवाई ते मुंबई

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर हाच शोध वेगळ्या वाटेने लागला. तेथील जोसेफ केकुकू (१८७४ ते १९३२) या विद्यार्थ्याने गिटारच्या तारांवर प्रथम लोखंडी बोल्ट, नंतर चाकूची पाठ व कंगवा सरकवून पाहिला आणि शेवटी शाळेच्या कार्यशाळेत पोलादी दांडी घडवली, अशी परंपरागत हकिकत आहे. तिच्या तपशिलांबद्दल मतभेद असले तरी तिचा आशय महत्त्वाचा आहे : केकुकूचे प्रयोग वस्तूंच्या निवडीचे प्रयोग होते. ज्या वाद्याला पुढे ‘स्टील गिटार’ म्हटले गेले, त्यातील ‘स्टील’ हा शब्द तारांसाठी नसून बट्ट्यासाठी आहे. बट्ट्याच्या द्रव्यावरून संपूर्ण वाद्याचे नाव पडल्याचे हे विरळा उदाहरण होय.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताची लाट जगभर पसरली. भारतात ती प्रवासी कलावंत व ध्वनिमुद्रिका यांच्याद्वारे पोहोचली. हवाईयन वादक टाऊ मो १९४० च्या दशकात कोलकात्यात वास्तव्यास होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिप्ले आणि एस. हजारा सिंग यांनी विद्युत हवाईयन गिटारला स्वतःचा आवाज दिला. चित्रपटगीतांच्या त्यांच्या वाद्यसंगीत ध्वनिमुद्रिका घरोघरी ऐकल्या गेल्या.

या स्वीकाराची तुलना हार्मोनियमशी करणे उद्बोधक ठरते. दोन्ही वाद्ये परकीय. परंतु हार्मोनियमचे स्वर सुटे व स्थिर असल्याने तिच्यावर मींड निघत नाही, हा आक्षेप प्रबळ ठरला आणि १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर तिला बंदी राहिली. बट्ट्याने वाजणाऱ्या गिटारमध्ये मींड हाच स्थायीभाव होता. ब्रिजभूषण काबरा यांनी अली अकबर खाँ यांच्याकडे शिकून याच गुणाच्या बळावर गिटारला रागसंगीतात आणले. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ ची आहे. पुढे विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला १९९४ साली ग्रॅमी पुरस्काराचा मान मिळाला.

द्रव्यगुण आणि संगीताची गरज

आठ सेंटिमीटर लांब व २.२ सेंटिमीटर व्यासाचा भरीव दंडगोल कल्पिला, तर त्याचे घनफळ सुमारे ३० घन सेंटिमीटर भरते. तो आबनुसाचा असल्यास वजन साधारण ३५ ग्रॅम, टेफ्लॉनचा असल्यास ६७ ग्रॅम, काचेचा असल्यास ७६ ग्रॅम, पोलादाचा असल्यास २३७ ग्रॅम आणि पितळेचा असल्यास २५८ ग्रॅम होईल. आकार तोच राहूनही वजनात सातपट फरक पडतो.

बट्टा हा कंप पावणाऱ्या तारेचा एक टोकबिंदू असतो. तो जितका जड, तितका स्थिर. त्यामुळे तारेची ऊर्जा तारेतच राहते व स्वर दीर्घकाळ टिकतो. हलका बट्टा तारेबरोबर स्वतःही थरथरतो व ऊर्जेचा काही भाग हाताकडे जातो. दुसरीकडे जड बट्टा वेगाने मागेपुढे हलविणे कष्टाचे असते. कर्नाटक संगीतातील जलद गमकांना म्हणून हलके आबनूस सोयीचे, तर लांब मींड व दीर्घ स्वर यांना पोलाद अनुकूल. आलापप्रधान विचित्र वीणेची काच या दोहोंच्या मध्ये बसते.

कठीणपणा व घर्षण हे आणखी दोन निकष होत. पोलादी तारा लाकडावर चरे पाडतात, म्हणून लाकडी बट्टा वरचेवर घासून गुळगुळीत करावा लागतो. पितळ वजनदार असले तरी तारेच्या मानाने मऊ असल्याने त्यावर क्रोमचा मुलामा देतात. काच कठीण व गुळगुळीत, परंतु पडल्यास फुटते. विद्युत गिटारमध्ये ध्वनिवर्धनाबरोबर खरखरही वाढत असल्याने बट्ट्याच्या पृष्ठभागाची झिलई अधिक महत्त्वाची ठरली. घर्षण अत्यल्प असलेल्या टेफ्लॉनची निवड चित्रवीणावादक एन. रविकिरण यांनी केली. प्रयोगशाळेतील हे द्रव्य आबनुसाच्या परंपरेत सामावले गेले, यावरून ही निवड अद्याप खुली असल्याचे सिद्ध होते.

समारोप

कम्रिकेच्या बांबूपासून टेफ्लॉनपर्यंतचा हा प्रवास हीनाकडून श्रेष्ठाकडे झालेली प्रगती नव्हे. प्रत्येक संगीतपरंपरेने गती, टिकाव व नाजूकपणा यांपैकी स्वतःला काय अधिक प्रिय आहे, हे बट्ट्याच्या द्रव्यातून सांगितले आहे. म्हणूनच या लहानशा वस्तूकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहणे आवश्यक ठरते.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्थांनी वाद्यांचे जतन करून मोठे कार्य केले आहे. परंतु वाद्यापासून सुटा असणारा बट्टा सहज हरवतो. घरोघरीच्या जुन्या गिटारींबाबत हा धोका अधिक आहे : वाद्य भिंतीवर राहते आणि बट्टा अडगळीतील धातूचा तुकडा म्हणून भंगारात जातो. बट्टा गेल्यावर उरलेले वाद्य कसे बोलत होते, हे त्याच्या लाकडावरून सांगता येत नाही. महाविद्यालयांच्या इतिहास व संगीत विभागांनी स्थानिक वाद्यांच्या नोंदी घेताना बट्ट्याचे द्रव्य, वजन व माप यांचीही नोंद केल्यास या इतिहासाचा हरवू पाहणारा दुवा हाती राहील.