वसी कोण, आणि त्याचे काम काय?

मय्यतीला आलेले पाहुणे परतले की कपाटाची चावी कुणाकडे, हा प्रश्न येतोच. बहुतेक घरांत ती आपसूक थोरल्या भावाकडे जाते. मरहूमने वसीयतीत कुणाला वसी नेमले असेल, तर मात्र हिशोब त्यानेच करायचा. कोर्टाच्या कागदांत त्यालाच एक्झिक्युटर किंवा निष्पादक म्हणतात. तो मालक नाही, अमानतदार आहे.

कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत, आणि उरलेले वारसांचे. बायकोची थकलेली मेहर हेसुद्धा कर्जच. "अम्मीने कधी मागितली नाही" म्हणून ती माफ होत नाही.

समजा, दफनाचा खर्च जाऊन 12 लाख उरले. उधारी 2 लाख, मेहर 1 लाख. राहिले 9. वसीयत यातल्या एक तृतीयांशापर्यंतच, म्हणजे 3 लाखांपर्यंत चालते. त्याहून जास्त असेल तर वारसांची संमती लागते. सुन्नी कायद्यात एखाद्या वारसाच्या नावे केलेल्या वसीयतीलाही बाकीच्यांची संमती हवी. पूर्ण 3 लाख वसीयतीत गेले तर उरतात 6 लाख. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी असेल तर बायकोला 75 हजार, मुलाला साडेतीन लाख, मुलीला पावणेदोन लाख. बँकेत नॉमिनी म्हणून कुणाचे नाव आहे, याने हे हिस्से बदलत नाहीत. नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो.

मुसलमानाच्या वसीयतीला प्रोबेट सक्तीचे नाही. तोंडी वसीयतही कायद्याला मान्य आहे, पण ती सिद्ध करताना नाकी नऊ येतात. लेखीच करा, दोन साक्षीदार घ्या.

मुले लहान असतील तर वसीचे महत्त्व फार वाढते. आपल्याकडे लागू असलेल्या सुन्नी कायद्यात अज्ञान मुलांच्या मालमत्तेचा पालक आधी बाप, त्याच्यानंतर बापाने नेमलेला वसी, मग दादा. या यादीत आई नाही, चाचाही नाही. कोर्टाने पालक नेमलेले नसताना चाचाने पुतण्याची जमीन विकली तर तो व्यवहार टिकत नाही, आणि आईने विकली तरी तेच. पण बाप हयात असताना बायकोलाच वसी नेमू शकतो. हे आपल्यात फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि विधवा बाईला नंतर कोर्टाचे खेटे घालावे लागतात.

ज्याला नेमायचे त्याला आधी विचारा. एकदा काम हाती घेतले की वसीला ते मनाला येईल तेव्हा सोडता येत नाही. कुणाकडून किती उसने घेतले, मेहर किती बाकी, कागद कुठल्या पेटीत, हेही त्याला दाखवून ठेवा.