परमुलखांतील बिऱ्हाड : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचें नांव महाराष्ट्रांतील घराघरांत पोहोंचलें, तें मुख्यतः व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या बोलपटामुळें. बोलपटाला नाट्य लागतें. तेव्हां युद्धाची धामधूम व नायकाचा मृत्यु हेंच प्रेक्षकांच्या स्मरणांत राहावें यांत नवल नाहीं. परंतु सोलापूरचा एक तरुण डॉक्टर, ज्याला चिनी भाषेचा एक शब्दहि येत नव्हता, तो त्या देशांत रुळला कसा, हा प्रश्न इतिहासदृष्ट्या अधिक कुतूहलाचा आहे.

जुलै १९३७ मध्यें जपाननें चीनवर उघड चढाई केली. साम्यवादी सेनेचे सेनापति चू तेह यांनीं पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितलें, आणि १९३८ सालीं काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनीं त्यासाठीं देशभर निधि गोळा केला. स्वतः परतंत्र असलेल्या राष्ट्रानें दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठीं डॉक्टर धाडावे, ही गोष्ट त्या वेळीं पुष्कळांना अपूर्व वाटली. पथकाचे प्रमुख डॉ. मदनमोहनलाल अटल, ते स्पेनमधील यादवी युद्धांत काम करून आलेले होते. नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर हे पांचांत वयानें सर्वांत वडील. डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे दोघे बंगालचे, आणि पांचवे कोटणीस; मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांतून नुकतेच बाहेर पडलेले, वय अठ्ठाविसाला टेकलेलें. १ सप्टेंबर १९३८ रोजीं ‘राजपुताना’ बोटीनें पथकानें मुंबई सोडली.

कँटन येथें सन यत्‌-सेन यांच्या पत्नीनें त्यांचें स्वागत केलें. तेथून हँकौ, पण जपानी फौज जवळ येत चालल्यानें तेंहि सोडावें लागलें, आणि नोव्हेंबरांत मंडळी चुंगकिंगला पोहोंचली. यांगत्से व चियालिंग या नद्यांच्या संगमावर डोंगरउतारावर वसलेलें हें शहर तेव्हां चीनची युद्धकालीन राजधानी झालें होतें. गल्ल्यांच्या ठिकाणीं दगडी पायऱ्यांच्या रांगा, हिवाळाभर दाट धुकें, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या निर्वासितांची अलोट दाटी. ज्या आघाडीवर जाण्यासाठीं घर सोडलें, ती अजून शेंकडों मैल दूर होती. स्वयंसेवकाची खरी कसोटी अशा रिकाम्या दिवसांत लागते. संकटांत माणूस आपसूकच धीट होतो.

याच मुक्कामांत त्यांना चिनी नांवें मिळालीं. शांतिनिकेतनच्या चीनभवनाचे प्रमुख प्रा. तान युन-शान यांनीं प्रत्येकाच्या नांवापुढें ‘हुआ’ हें अक्षर जोडलें. त्याचा अर्थ चीन. कोटणीस ‘को ति-हुआ’ झाले. आपल्याकडे सासरीं आलेल्या मुलीचें नांव बदलतात, त्यांतलाच हा प्रकार म्हणावयाचा.

आणि येथेंच सोलापुराहून वडील वारल्याची बातमी आली. वडिलांच्या संमतीनेंच ते निघाले होते. घरीं मोठें कुटुंब, त्यामुळें परत जाण्यांत कोणालाहि कमीपणा दिसला नसता. सहकाऱ्यांनींहि तसेंच सुचविलें. कोटणीसांनीं नकार दिला. या निर्णयाची किंमत सोलापूरच्या घरानेंहि मोजली, हें गौरवाच्या भाषणांत सहसा कोणी सांगत नाहीं.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजीं पथक येनानला पोहोंचलें. तेथील शहर जपानी बाँबवर्षावानें उद्ध्वस्त झालेलें. माणसें पिवळ्या मातीच्या कड्यांत कोरलेल्या गुहांतून राहत. कमानीचें दार, कागद चिकटविलेली खिडकी आणि खालून तापविलेला मातीचा ओटा, तोच बिछाना. जेवणांत मुख्य धान्य राळे. आपल्याकडे सोलापूरकर काय, किंवा वर्धेकडील वडनेर-हिंगणघाटचा शेतकरी काय, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला. त्याला राळे परके नव्हेत, पण रोजच्या रोज त्याचीच पेज म्हटली म्हणजे निराळी गोष्ट. या सर्वांहून अवघड भाषा. दुभाष्याच्या तोंडून रोग्याचें दुखणें ऐकणाऱ्या डॉक्टरला अर्धेंच दुखणें कळतें. कोटणीस चिनी बोलूं लागले, मग वाचूं लागले, आणि पुढें त्याच भाषेंत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवूं लागले.

दरम्यान पथक ओसरत गेलें. चोळकर व मुखर्जी १९३९ मध्येंच परतले, आजारी अटल १९४० मध्यें. बसू व कोटणीस शत्रूच्या पिछाडीवरील डोंगराळ भागांत गेले. बसू येनानला माघारी आले व १९४३ सालीं मायदेशीं परतले. कोटणीस तेथेंच राहिले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्यें शस्त्रक्रिया करतांना झालेल्या जखमेच्या विषबाधेनें वारले होते. त्यांच्या नांवानें चाललेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्यें कोटणीसांची नेमणूक झाली. इमारत अशी नव्हतीच. खेड्यांतील घरें हेंच रुग्णालय, आणि शत्रु जवळ आला कीं सारा संसार खेचरांवर लादून दुसऱ्या गांवीं. अशा ठिकाणीं पाहुणा म्हणून कोणी फार दिवस टिकत नाहीं.

२५ नोव्हेंबर १९४१ रोजीं त्यांनीं तेथील वैद्यकीय शाळेंत परिचर्या शिकविणाऱ्या कुओ छिंग-लान यांच्याशीं विवाह केला. १९४२ मध्यें ते साम्यवादी पक्षाचे सभासद झाले, आणि त्याच वर्षी २३ ऑगस्टला मुलगा झाला. सेनापति न्ये रुंग-चेन यांनीं त्याचें नांव सुचविलें यिन-हुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचें असतां, ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अपस्माराच्या झटक्यांनीं कोटणीसांचा अंत झाला. वय अवघें बत्तीस. शस्त्रक्रियेवरील एक पाठ्यपुस्तक ते चिनी भाषेंत लिहीत होते, तें अर्धेंच राहिलें. होपे प्रांतांतील खेड्यांत त्यांचें दफन झालें. पुढें समाधि शिच्याच्वांग शहरांतील हुतात्म्यांच्या उद्यानांत हलविली. बेथ्यूनहि तेथेंच आहेत, आणि गांवकरी समाधीवरचें नांव को ति-हुआ असेंच वाचतात.