अर्धा राहिलेला डाव

संस्थानी अमदानींत औंध, सांगली, मिरज या मुलखांत बुद्धिबळाचा जो देशी डाव मांडीत, त्यांत राजाला एकदांच घोड्याप्रमाणें अडीच घरें उडी घेण्याची मुभा असे; मात्र तत्पूर्वीं त्याला शह बसलेला नसावा. असा डाव रात्रीं मोडून दुसरे दिवशीं पुढें चालवावयाचा, तर सोंगट्या जशाच्या तशा मांडून भागत नसे. राजाला शह बसला होता कीं नाहीं, हें पट सांगत नाहीं. तें खेळणारांच्या आणि भोंवतीं बसलेल्या मंडळींच्या स्मरणांतच राही, व तंट्याला जागा होई ती येथेंच.

सांगलीस 1941 सालीं भाऊसाहेब पडसलगीकरांनीं नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केलें. पुढें आंतरराष्ट्रीय नियम सर्वत्र रूढ झाले. राजाची उडी गेली, किल्लेकोट आला. अडचण मात्र तीच. हत्ती एकदां हलून स्वस्थानीं परतला, तर त्या बाजूस किल्लेकोटाचा हक्क गेला, हें नुसत्या पटावरून कसें कळावें? म्हणून चाली लिहून ठेवण्याची शिस्त आली. डाव तहकूब करतांना पुढील खेळी लखोट्यांत बंद करून पंचाकडे देत. ही चालही 1990 च्या दशकांत मागें पडली; कारण रात्रींतून संगणकाचा सल्ला घेणें सोपें झालें.

खुद्द संगणकांचे सामने मात्र खंडानेंच भरलेले होते. 1966 च्या नोव्हेंबरांत स्टॅनफर्ड विद्यापीठ व मॉस्को येथील एक भौतिकशास्त्र-संस्था यांच्या यंत्रांत तारायंत्राच्या द्वारें चार डाव सुरू झाले, ते सुमारें नऊ महिने चालले. मॉस्कोनें दोन जिंकले, दोन बरोबरींत सुटले. तेथें खोळंबा हाच नियम होता. परंतु चाली लिहून घेणारीं माणसें जागीं असल्यामुळें सूत्र तुटलें नाहीं.

1990 च्या दशकांत दोन घरगुती संगणक तारेनें जोडून रात्रभर आपोआप डाव खेळविण्याची सोय झाली. माणूस निजलेला, आणि वीज गेली! आतां साक्षीदार कोण?

स्कॉटलंडमधील वृत्तपत्रकार डेव्हिड फोर्सिथ यानें एकोणिसाव्या शतकांत पटाची स्थिति एका ओळींत लिहिण्याची युक्ति काढली होती. स्टीव्हन एडवर्ड्स यानें ती संगणकासाठीं वाढविली. तींत पाळी कोणाची, किल्लेकोटाचा हक्क उरला कीं नाहीं, पन्नास खेळ्यांच्या नियमाची मोजणी कोठवर आली, हेंही येतें. तरी एकच स्थिति तिसऱ्यांदा आल्यास डाव बरोबरींत सोडवितां येतो, आणि मागच्या स्थितींची आठवण त्या ओळींत नाहीं. सबब चालींची पूर्ण यादी व दोन्ही घड्याळांतील शिल्लक वेळ जपावा लागतो. इतकें करूनही, आज्ञावलीनें विचार करतांना स्मृतींत सांठविलेलीं गणितें वीज जातांच पुसलीं जातात. पुन्हां सुरू झाल्यावर ती त्याच जागीं निराळी खेळी करूं शकते.

मग अर्धा डाव टाकून नवा खेळवावा, असें पुष्कळांस वाटतें. तें न्याय्य नव्हे. वीज कोणत्याही क्षणीं जाते; त्यामुळें आखूड डावापेक्षां लांबलेला डाव तींत सांपडण्याचा संभव अधिक, आणि लांबलेल्या डावांत चिवट बचावाचे व बरोबरीचे पुष्कळ. शेंकडों डावांच्या सामन्यांत असे डाव वगळले, तर चिकाटीनें खेळणाऱ्या बाजूचें श्रेय नकळत बुडतें. त्यापेक्षां यादींतील चाली पहिल्यापासून चालवून, घड्याळें होतीं तशीं लावून, डाव थांबला तेथूनच पुढें न्यावा. आणि खंड कितव्या खेळीस पडला, तें निकालाशेजारीं लिहून ठेवावें.