नाव आणि निवाडा : टास्मानियातील ‘वाघा’ची सरकारी नोंद

सरकारी दप्तरात एखाद्यास जे नाव मिळते, त्यात वर्णनाइतकाच निवाडाही असतो. जून १८५७ मध्ये औरंगाबाद येथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातील शिपाई उठले. इंग्रजी कागदपत्रांत ते ‘बंडखोर’ ठरले व त्यांपैकी अनेकांना देहान्त शासन झाले. त्या शिक्षेची स्मृती ज्या काळ्या चबुतऱ्याशी निगडित आहे, तो परिसर आज क्रांती चौक म्हणून ओळखला जातो. तेथे पुढील पिढ्यांनी दप्तरातील नाव फिरविले. ज्यास वाचा नाही अशा प्राण्याच्या बाबतीत मात्र दप्तरातील नावच अखेरचे ठरण्याचा संभव असतो.

टास्मानिया बेटावरील थायलसीन हे याचे ठळक उदाहरण होय. कांगारूप्रमाणे पिलांस पोटाच्या पिशवीत वाढविणारा हा मांसाहारी प्राणी. पाठीवरील पट्ट्यांमुळे वसाहतकऱ्यांनी त्यास ‘वाघ’ म्हटले, कुत्र्यासारख्या मुखामुळे ‘लांडगा’. या दोहोंशी त्याचे जवळचे नाते नव्हते. परंतु नावाबरोबर युरोपीय मेंढपाळाचे जुने वैरही बेटावर आले. १८३० मध्ये व्हॅन डीमेन्स लँड कंपनीने त्याच्या हत्येस बक्षीस लावले. १८८६ मध्ये वसाहतीच्या विधिमंडळाने सरकारी बक्षिसाचा ठराव १२ विरुद्ध ११ मतांनी संमत केला. १८८८ ते १९०९ या काळात प्रौढ प्राण्यास एक पौंड व पिलास दहा शिलिंग या दराने २,१८४ बक्षिसे दिली गेली.

साधनचिकित्सेचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. हा आकडा मारलेल्या प्राण्यांचा आहे. त्यांनी मारलेल्या मेंढ्यांचा नव्हे. मोकाट कुत्री आणि कळपांची गैरव्यवस्था यांमुळे झालेली हानीही थायलसीनच्या नावे मांडली गेली, असे नंतरच्या संशोधकांनी दाखविले आहे. २०११ मधील कवटीच्या अभ्यासानुसार त्याचा जबडा लहान भक्ष्यासच अधिक योग्य होता. २०२० मधील अभ्यासाने त्याचे सरासरी वजन सुमारे १७ किलो ठरविले. १० जुलै १९३६ रोजी त्यास कायद्याचे संरक्षण मिळाले. ७ सप्टेंबर रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातील अखेरचा ज्ञात थायलसीन मरण पावला.

ब्रिटिश हिंदुस्थानातही हिंस्र पशूंच्या हत्येस सरकारी बक्षिसे होती आणि त्यांच्या नोंदी दप्तरांत आहेत. दख्खनच्या माळरानावर लांडगा अद्याप टिकून आहे. त्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकाने बक्षिसाची नोंद हा आरोप म्हणून वाचावा, पुरावा म्हणून नव्हे.